डोक्यातली सणक : हसू नका, नोंद ठेवा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिका समितीच्या आग्रहावरून लिहून दिले आहे. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी यात घातल्या आहेत.)



कमिटीने मला बोलायला सांगितले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, मी सोसायटीच्या पंचवीस वर्षांच्या हिशेबावर बोलावे. बँकेत ३८ वर्षे काढली, इथे खजिनदार म्हणून सहा वर्षे काढली, म्हणजे हा माणूस आकड्यांवरच बोलणार. पण मंडळी, हिशेब दरवर्षी वार्षिक सभेत वाचले जातात आणि तेव्हा निम्मे सभासद घड्याळाकडे बघत असतात. म्हणून मी ठरवलं, आज डोकेदुखीवर बोलायचं. (मागून कोणीतरी विचारले, "पार्किंगच्या का?" नाही हो. त्या डोकेदुखीवर अजून औषध निघालेले नाही.)

मी बोलणार आहे ती डोक्यात अचानक येणारी सणक. सुई टोचावी, वीज चमकावी, कोणी तापलेली तार ओढावी तशी कळ. कधी कपाळात, कधी कानशिलात, कधी मानेकडून वर टाळूपर्यंत, कधी नुसत्या डोक्याच्या कातडीवर. येते आणि जाते. आपण म्हणतो, पित्त झालं असेल. ऊन लागलं असेल. चष्म्याचा नंबर वाढला असेल. आणि कामाला लागतो. नव्वद वेळा त्यात काही चुकत नाही. राहिलेल्या दहा वेळांसाठी मी आज उभा आहे. मी डॉक्टर नाही, साधा बी.कॉम. आहे. पण या दुखण्याने आमच्या घरात दोनदा किंमत वसूल केली. पहिल्यांदा माझ्या आईकडून आणि दुसऱ्यांदा माझ्याकडून. त्या दोन्ही वेळा आम्ही काय चुकलो ते सांगतो.

गोष्ट १९८४ सालची. मी तेव्हा पेणला नोकरीला होतो आणि आई चौलला आमच्या जुन्या घरात, थोरल्या भावाकडे. वय अठ्ठावन्न-एकोणसाठ. नारळ-सुपारीची वाडी, पाठीमागे विहीर, आणि बाई कामाला वाघीण. त्या वर्षी मार्गशीर्षात, दत्ताच्या यात्रेच्या सुमाराला, तिच्या उजव्या गालात कळ येऊ लागली. पहाटे विहिरीवर गेली की जमिनीकडून येणारा मतलई वारा गालाला लागायचा आणि ती कळवळून मटकन खाली बसायची. कळ गालातून कानशिलापर्यंत जायची. मोजून पाच-दहा सेकंद. मग काही नाही. बाई उठून पुन्हा पाणी ओढायला लागायची.

हळूहळू मशेरी लावायला बोट तोंडात घातले तरी कळ. घास चावला तरी कळ. तिने भाकरी सोडली, पेज पिऊ लागली. मग बोलणे सोडले, कारण ओठ हलले की कळ यायची. दिवसभर पदर गालावर धरून पडवीत बसून राही. वहिनीला वाटायचं, सासूबाई आपल्यावर रुसल्या. घरात त्यावरून दोन-चारदा शब्दाला शब्दही झाला.

मीच तिला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. एक दाढ किडलेली दिसली, ती काढली. पंधरा दिवस बरे गेले, पुन्हा सुरू. दुसरी दाढ काढली. पुन्हा सुरू. तिसरी दाढ तर चांगली होती, तीही माझ्या आग्रहावरून काढली. आई सांगत होती, "अरे, दाढ नाय रे दुखत. वीज चमकते नि जाते. दाढ अशी दुखते का कधी?" त्यावर मी, बँकेतला शिकलेला मुलगा, तिला काय म्हणालो ठाऊक आहे? म्हणालो, "आई, आता हे तुझे मनाचे खेळ आहेत."

मंडळी, चाळीस वर्षे झाली. ते वाक्य मला अजून ऐकू येते.

शेवटी एका सहकाऱ्याच्या सांगण्यावरून तिला मुंबईला एका मोठ्या सरकारी रुग्णालयात नेले. रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्याला. लाँचवर वारा लागून चार-पाच वेळा कळ आली, ती तोंडावर पदर घट्ट धरून खाली लाकडी बाकावर बसली होती. रुग्णालयात एक तरुण डॉक्टर होता. त्याने आईला विचारले, "आजी, काय होतं ते तुमच्या शब्दांत सांगा." आणि तो गप्प बसला. आई पाच मिनिटे बोलली. वीज, वारा, मशेरी, पेज, सगळं सांगितलं. मध्ये बोलायला गेलो तर त्याने मला हातानेच थांबवले. मग म्हणाला, "हे दाढेचं नाही, नसेचं दुखणं आहे." कार्बामाझेपिन नावाची गोळी थोड्या मात्रेने सुरू केली. चौथ्या दिवशी आई रात्रभर झोपली. पंधराव्या दिवशी तिने भाकरी मोडून खाल्ली, डाव्या बाजूने, कारण उजवीकडे चावायला दाढा राहिल्या नव्हत्या. मला दोष दिला नाही. एवढंच म्हणाली, "सांगत होते ना मी."

या दुखण्याचे नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणारी पाचवी नस दोन्ही बाजूंना एकेक असते आणि तिच्या तीन फांद्या होतात. एक कपाळ आणि डोळ्याकडे, एक गाल आणि वरच्या जबड्याकडे, एक खालच्या जबड्याकडे. म्हणूनच दुखते नस आणि वाटते दाढ. बहुतेकांच्या बाबतीत मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या नसेला चिकटून तिच्यावर दाब देत असते. त्याने नसेवरचे वेष्टन झिजते. आपल्या मीटररूममध्ये मागे वायरचे रबर झिजून ठिणग्या उडत होत्या ना, साधारण तोच प्रकार. नुसता वारा, दाढीचा ब्रश, एक घास, एवढ्यानेही ठिणगी पडते. कळ क्षणभरापासून फार तर दोन मिनिटे टिकते आणि एकाच बाजूला येते. पन्नाशीनंतर आणि स्त्रियांत हा आजार जास्त दिसतो. क्वचित त्यामागे गाठ किंवा नसांचा दुसरा आजार असतो, म्हणून आता एमआरआय करून बघतात. साध्या वेदनाशामक गोळ्या इथे चालत नाहीत. कार्बामाझेपिन चालते, पण ती डॉक्टरांच्या नजरेखालीच घ्यायची. अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे, आणि आपल्या वयात रक्तातले सोडियम तपासत राहायचे. गोळीने भागले नाही तर शस्त्रक्रियाही आहे. अभिनेते सलमान खान यांनी २०११ साली आपल्याला हाच आजार असल्याचे जाहीरपणे सांगितले, तेव्हा हे नाव पुष्कळ घरांत पहिल्यांदा पोचले. आमच्या घरात ते आधीच पोचले होते, तीन दाढा घेऊन.

पण आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना डोकेदुखीत फरक करता येत होता, हेही सांगितले पाहिजे. सुश्रुतसंहितेत डोक्याच्या रोगांचे अकरा प्रकार दिले आहेत. सूर्य चढेल तसे वाढणारे आणि तो कलला की उतरणारे ते सूर्यावर्त. अर्धे डोके फोडणारे ते अर्धावभेदक, म्हणजे आपली अर्धशिशी. कानशिलातले शंखक, आणि ते जीवघेणे ठरू शकते असेही म्हटले आहे. सांगायचा मुद्दा एवढाच की, "डोकं दुखतं" हे एक दुखणे नाही हे आपल्याला फार पूर्वीपासून माहीत आहे. मधल्या काळात आपण सगळ्याला मिळून एकच गोळी घ्यायला लागलो.

आता भीती कमी करतो. मेंदूला स्वतःला वेदना होत नाही. दुखतात त्या भोवतालच्या गोष्टी. मेंदूवरची आवरणे, रक्तवाहिन्या, नसा, स्नायू, डोक्याची कातडी. त्यामुळे सणक आली म्हणजे मेंदूत काही झालं, असं धरून चालू नका. बहुतेक सणका निरुपद्रवी असतात.

लहान मुलांना माहीत असलेली एक सांगतो. किनाऱ्यावर बर्फाचा गोळा घाईघाईने खाल्ला की कपाळात कळ जाते. टाळूला एकदम गार लागल्याने ती येते आणि मिनिटा-दोन मिनिटांत जाते. औषध एकच, गोळा हळू खा.

दुसरी, बंदरावर बर्फ फोडायचा टोच्या असतो, त्याने टोचल्यासारखी. इंग्रजीतही तिला बर्फाच्या टोच्याचेच नाव आहे. दोन-तीन सेकंदांची कळ. आज इथे, उद्या तिथे. दिवसात एकदा किंवा चार-सहा वेळा. अर्धशिशी असलेल्यांना ही जास्त येते. जागा बदलत असेल आणि बाकी काही त्रास नसेल तर सहसा काळजीचे कारण नाही. मात्र रोज त्याच एका ठिकाणी येत असेल तर दाखवून घ्यावे.

तिसरी मला फार आवडली. डोक्याच्या कातडीवर एकाच ठिकाणी गोल चकतीएवढी जागा दुखते, बाजूला काही नाही. तिचे नाव न्यूम्युलर डोकेदुखी, म्हणजे नाण्यासारखी. ३८ वर्षे मी नाणी मोजली, पण डोक्यावर नाणे दुखते हे निवृत्तीनंतर कळले! स्पेनमधल्या डॉक्टरांनी २००२ साली या दुखण्याचे पहिले वर्णन केले. ही बहुधा निरुपद्रवीच, पण पहिल्यांदा जाणवली तर डॉक्टरांनी ती जागा एकदा बघावी.

चौथी भगिनींसाठी. अंबाडा किंवा पोनी करकचून बांधली आणि वर गजऱ्याच्या पिना खोचल्या की संध्याकाळपर्यंत केसांची मुळे ठणकतात. केस सोडले की तासाभरात बरे वाटते. पुरुषांनी हसू नये, घट्ट हेल्मेटनेही हेच होते. (म्हणून हेल्मेट काढू नका, मापाचे घ्या.)

आणि पाचवी मानेची. आपल्या वयात ही बरीच भेटते. मानेच्या वरच्या मणक्यांजवळून एक नस निघून डोक्याच्या मागच्या भागावरून टाळूकडे जाते. मानेचे स्नायू आखडले, मणके झिजले, मानेला हिसका बसला की ती चिडते. मग मानगुटीतून वर विजेसारखी सणक जाते, कधी थेट डोळ्यामागे. त्या बाजूला उशी टेकवत नाही, कंगवा फिरवत नाही. शेक, मानेचे व्यायाम, बसण्याची पद्धत, औषधे, आणि लागलेच तर नसेजवळ इंजेक्शन, याने पुष्कळांना आराम पडतो. मोबाइलमध्ये मान घालून तासन्‌तास बसणाऱ्या आजोबांनी याची नोंद घ्यावी. नातवंडांचे मी बोलतच नाही.

आता माझी स्वतःची गोष्ट. २०१८ सालचे गणपती. चतुर्थीच्या सकाळी पूजेला बसलो आणि डोक्याच्या उजव्या बाजूला, कपाळाच्या वर, सणक गेली. एक, दोन, मग दिवसात वीस-पंचवीस. कातडी अशी हुळहुळी झाली की टोपी घालवेना, भांग पाडवेना. घरात मखर, मोदक, पाहुणे, आरत्या. सगळ्यांनी आपापले निदान केले. मेव्हणे म्हणाले पित्त. शेजारचे म्हणाले नव्या एसीचा वारा. हिने ब्राह्मी तेल चोळले, तर मी ओरडलो. आणि मी? आईचे सगळे भोगून झालेला मी म्हणालो, "विसर्जन होऊ दे, मग बघू."

गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या संध्याकाळी कपाळावर पाण्याचे बारीक फोड उठले. उजव्याच बाजूला. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी बघितले आणि म्हणाले, नागीण. ते बरोबर होते. चुकलो ते पुढे. गावाकडचे एकजण नागीण उतरवतात म्हणून त्यांना बोलावले. त्यांनी कपाळाला गेरू लावला, काही पुटपुटले, म्हणाले, नागिणीचे तोंड शेपटाला लागू देऊ नका, माणूस जातो. दोन दिवस मी गेरू लावून बसलो. पैसे घेतले नाहीत त्यांनी, हेतू चांगलाच होता. पण मंडळी, हेतू चांगला असून वेळ गेला तर तो परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तळमजल्यावरच्या ताई प्रसाद द्यायला आल्या. त्या निवृत्त परिचारिका आहेत, सगळ्यांना माहीत आहेत, नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही. त्यांनी माझ्या नाकाच्या शेंड्याकडे बघितलं. तिथे एक फोड होता. प्रसादाची वाटी तशीच हातात. म्हणाल्या, "भाऊ, चप्पल घाला. आत्ताच्या आत्ता निघायचं." मी म्हणालो, "ताई, नाकावर एक फोड तर आहे." त्या म्हणाल्या, "तोच तर सांगतोय, डोळ्याकडे बघा म्हणून."

आता यातले शास्त्र ऐका. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो विषाणू जात नाही. नसेच्या मुळाशी वर्षानुवर्षे झोपून राहतो. वय झाले, मधुमेह किंवा दुसऱ्या आजाराने प्रतिकारशक्ती उतरली की तो जागा होतो आणि त्या एका नसेवरून बाहेर येतो. म्हणून नागीण शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठते आणि सहसा मधली रेघ ओलांडत नाही. तोंड आणि शेपूट भेटण्याची भीती त्यामुळेच फोल आहे. फोड दिसण्याच्या आधी दोन-चार दिवस नुसती सणक येते, कातडी हुळहुळते, आणि तेव्हा बघायला काहीच नसते. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूवरची औषधे सुरू झाली तर सगळ्यात चांगला उपयोग होतो. ती कपाळावर आली असेल तर डोळ्याला धोका, आणि नाकाच्या शेंड्यावर फोड असेल तर डोळा सापडल्याची शक्यता फार वाढते, कारण दोन्हीकडे एकाच नसेची फांदी जाते.

माझ्या ७२ तासांतले ४८ गेले होते. त्याच रात्री औषध सुरू झाले, त्याच रात्री डोळ्यांच्या डॉक्टरांनी बघितले. बुबुळाला सूज आली होती. डोळा वाचला. पण उजव्या डोळ्यापुढे थोडे धुके राहिले आहे. वर्तमानपत्राचे मथळे वाचता येतात, शेअरचे भाव वाचता येत नाहीत, तेवढा एक फायदा झाला. फोड महिन्याभरात सुकले, सणक मात्र आठ महिने राहिली. अजूनही डोक्याच्या त्या भागावरून मुंग्या चालल्यासारखे होते. नस एकदा दुखावली की कधीकधी असे मागे राहते, आणि वय जितके जास्त तितकी शक्यता जास्त.

नागिणीबद्दल आणखी दोन गोष्टी. फोड ओले असतात तोवर त्यातल्या पाण्यापासून दुसऱ्याला कांजिण्या होऊ शकतात. म्हणून गरोदर बाई आणि तान्ही बाळे यांच्यापासून लांब राहावे. आणि २०२३ पासून आपल्याकडे ५० वर्षांवरील लोकांसाठी यावर एक नवी लस मिळते. दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. खर्चिक आहे. पण आपल्या डॉक्टरांना विचारा, एवढे मी नक्की सांगेन.

आता ज्या दुखण्यांत "सकाळी बघू" चालत नाही ती सांगतो. निसर्ग वादळ आठवा, ३ जून २०२०. आगाऊ सूचना होती म्हणून आपण गच्चीवरच्या टाक्यांची झाकणे दोराने बांधली, खिडक्यांना फळ्या मारल्या. शरीरही सूचना देते. त्या ओळखायच्या.

एक. मिनिटाभरात शिगेला पोचलेली, "असं आयुष्यात कधी दुखलं नाही" अशी डोकेदुखी. मेंदूवरची रक्तवाहिनी फुटल्याने ती असू शकते. कमी झाली तरी थांबायचे नाही.

दोन. डोकेदुखीबरोबर तोंड वाकडे होणे, हातापायातले बळ जाणे, बोलणे अडखळणे, दिसेनासे होणे, झटका येणे किंवा शुद्ध हरपणे. हा पक्षाघात असू शकतो आणि त्यात पहिले चार-साडेचार तास फार मोलाचे असतात.

तीन. ताप, मान ताठ, उलट्या, बरळणे.

चार. ही आपल्या वयोगटाची, म्हणून नीट ऐका. पन्नाशीनंतर कानशिलात नव्याने सुरू झालेले दुखणे, कंगवा फिरवताना कातडी दुखणे, चावताना जबडा भरून येणे आणि थांबले की उतरणे, मधूनच दिसायला अंधूक किंवा दोन-दोन दिसणे. कानशिलावरच्या रक्तवाहिनीला सूज आलेली असू शकते. ईएसआर आणि सीआरपी या रक्ताच्या साध्या तपासण्या आहेत, त्यावरून डॉक्टरांना दिशा मिळते. वेळेवर स्टेरॉइड सुरू झाले तर डोळे वाचतात. नाही तर गेलेली दृष्टी परत येत नाही.

पाच. डोक्याला मार. बाथरूममध्ये घसरलात, स्कूटरवरून पडलात, वाडीत नारळ बसला. तेव्हा काही झालं नाही, पण दोन-तीन आठवड्यांनी डोके दुखू लागले, झोप फार येऊ लागली, चाल बिघडली. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

सहा. डोळा लाल, आत भयंकर दुखते, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, उलटी होते. डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो.

यातले काही झाले तर आपली पहिली उडी असते, "मुंबईला नेऊ." मांडव्याची बोट रात्री नाही. रस्त्याने निघालात तर वडखळला काय होते ते मी सांगायला नको. म्हणून आधी १०८ ला फोन. ही रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. आधी इथे अलिबागला जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्यात. तिथले डॉक्टर म्हणतील तसे पुढे.

आणि बाकीच्या सगळ्या सणकांसाठी माझा उपाय बँकेतलाच. नोंद. एक शंभर पानी वही आणि सात रकाने. तारीख-वेळ. जागा आणि बाजू. कळ कशी, ते आपल्या शब्दांत. किती वेळ टिकली. कशाने सुरू झाली. बरोबर आणखी काय झाले. कोणती गोळी घेतली. पंधरा दिवसांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवली तर त्यांचे अर्धे काम होते. शेवटचा रकाना विशेष महत्त्वाचा. महिन्यात दहा-पंधरा दिवसांहून जास्त वेळा डोकेदुखीच्या गोळ्या पोटात जात असतील तर त्या गोळ्याच डोकेदुखीचे कारण होऊ शकतात. कर्ज फेडायला कर्ज काढणारे खातेदार मी पुष्कळ पाहिले, त्यातलाच हा प्रकार.

आणि तिसऱ्या रकान्यात लाज बाळगू नका. इंग्रजी शब्द शोधत बसू नका. आपल्या मराठीला दुखणे सांगायला शब्द कमी नाहीत. सणक वेगळी, ठणका वेगळा. नाडीच्या ठोक्याबरोबर होते ती ठसठस, ती अर्धशिशीत असते. पट्टा आवळल्यासारखे होते ते ताणाचे. वीज चमकते ते नसेचे. स्पर्शही सोसत नाही ते हुळहुळणे, ते कातडीच्या नसांचे. माझ्या निरक्षर आईने "वीज चमकते नि जाते" असे सांगितले होते. त्या तरुण डॉक्टरने त्याच चार शब्दांवर रोग ओळखला. ते शब्द तीन महिने आमच्याच घरात पडून होते, आम्ही कोणी उचलले नाहीत.

म्हणून माझे मागणे फार छोटे आहे. घरात कोणी म्हणाले, डोक्यात कळ येते, तर लगेच "पित्त आहे" म्हणू नका. खुर्ची ओढा, समोर बसा आणि विचारा, काय होतं, तुझ्या शब्दांत सांग. मग गप्प बसा. पाच मिनिटे पुरतात. सुना-मुलांनी सासू-सासऱ्यांना विचारावे, आणि आपणही त्यांना विचारावे, कारण सणका फक्त म्हाताऱ्यांना येत नाहीत. एकट्या राहणाऱ्या सभासदांना विचारायला घरात कोणी नसते, त्यांना शेजाऱ्यांनी विचारावे. पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बसवली, रंग काढला, पाण्याची टाकी वाढवली. पण मला सोसायटीने काय दिले असे कोणी विचारले, तर मी म्हणेन, प्रसादाची वाटी हातात घेऊन माझ्या नाकाकडे नीट बघणारी शेजारीण दिली. उजव्या डोळ्याला आज जेवढे दिसते तेवढे त्यांच्यामुळे.

कमिटीला एक विनंती. वर सांगितलेल्या सहा सूचना आणि १०८ हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून तिन्ही विंगच्या लिफ्टजवळ लावावा. खर्च मी करतो, व्हाउचर नको.

"सांगत होते ना मी." आमच्या घरात हे वाक्य एकदा ऐकावे लागले. तुमच्या घरात ते कोणावर म्हणायची वेळ येऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि माझे भाषण संपवतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.